सुपडाभाऊंचा गिअरबॉक्स

आधी सुपडाभाऊंचं नाव लिहून ठेवतो, म्हणजे पुढे काही सांगायचं राहून गेलं तरी मुख्य माणूस राहायचा नाही. शेगाव स्टेशनबाहेर त्यांची पांढरी व्हॅन उभी असते. गाडीतून उतरलेल्या भाविकांना मंदिरात न्यायचं, तिथून लॉजवर सोडायचं, कुणाला लोणार बघायचं असलं तर तिकडे फिरवून आणायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मूळ गाव धामणगाव बढे. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं जन्मल्याबरोबर सुपात घातलं आणि नाव ठेवलं सुपडा. आमच्या मालवणकडे असं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. ते म्हणाले, "हास बे, हास. सुपातून सांडलो नाही हे काय कमी हाय?"

माझा उजवा डोळा शाबूत आहे तो या माणसामुळे. मी फायबरचं काम करतो. नववीत शाळा सुटली आणि गावाजवळच्या होड्या बनवणाऱ्या शेडमध्ये लागलो. तिथून एका ठेकेदाराबरोबर शेगावला आलो. एका नव्या लॉजच्या फाटकावर दोन हत्ती उभे करायचे होते. घरापासून इतक्या लांब मी कधी आलो नव्हतो. समुद्र सोडाच, इथल्या हवेत ओलसुद्धा नव्हती. आईचा फोन आला की ती एकच विचारायची, "झिला, थंय माणसा बरी आसत मां?" मी हो म्हणायचो. खरं तर तोवर माझी कुणाशी ओळखच झाली नव्हती.

हत्तींचं काम चालू असताना मी फायबर घट्ट करणाऱ्या हार्डनरच्या कॅनचं बूच उघडलं, उन्हानं आत दाब धरला होता तो एकदम सुटला आणि हार्डनर डोळ्यात उडालं. आमच्या धंद्यातला माणूस सगळ्यात जास्त घाबरतो तो यालाच. दिसायला पाण्यासारखं, पण डोळ्याची वाट लावतं. बरोबरचे लोक फडकं घेऊन पुसायला धावले. तेवढ्यात रस्त्यावरून भाविकांनी भरलेली एक व्हॅन चालली होती, ती ओरडा ऐकून थांबली. ड्रायव्हरनं फडकं हिसकावून फेकून दिलं.

"पुसू नका बे! पाणी मारा, पाणी! बॅटरीच्या पाण्यानं माह्या भावाचा डोळा असाच पुसू पुसू गेला."

मग व्हॅनमधल्या लोकांना म्हणाले, "माऊली, उतरा. दुसऱ्या गाडीनं जा. बाटल्या तेवढ्या देऊन जा." सगळ्यांनी बाटल्या दिल्या. एका आजींनी जपून नेलेलं तीर्थसुद्धा दिलं. एक अनोळखी गृहस्थ उतरलेच नाहीत. त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि अकोल्याच्या दवाखान्यापर्यंत डोळ्यावर धार धरली. डॉक्टर म्हणाले, डोळा वाचला तो औषधानं नाही, पाण्यानं वाचला. ते गृहस्थ कोण, कुठले, मला आजही माहीत नाही. सुपडाभाऊ मात्र माहीत झाले.

ठेकेदार हत्ती पुरे करून गेला. मी मागे राहिलो. सुपडाभाऊंच्या घरामागे टिनाचं एक शेड होतं, तिथे त्यांनी मला कामाला जागा दिली. अजून मी तिथेच आहे.

फायबरचं काम म्हणजे काय, हे बाहेरच्यांना थोडक्यात सांगतो. काचेच्या धाग्यांची पांढरी चटई मिळते, तिला मॅट म्हणतात. साच्यावर ती अंथरायची, वरून रेझिन म्हणजे मधासारखा घट्ट चीक ब्रशनं मुरवायचा आणि रोलर फिरवून हवा काढायची. असे थरावर थर. रेझिन आपणहून सुकत नाही, त्यात हार्डनर मिसळावं लागतं. किती मिसळायचं, सगळी कला त्यात आहे. जास्त झालं तर हातातल्या मगातच रेझिन तापून धूर काढतं आणि दगड होतं. कमी झालं तर कच्चं राहतं, वरून कोरडं वाटतं आणि आतून मऊ. समुद्रकाठी आम्ही जे प्रमाण घालायचो ते वऱ्हाडच्या उन्हात चालत नाही. पहिल्या उन्हाळ्यात माझे किती मग धुराला गेले त्याची गणती नाही. हळूहळू इथलं प्रमाण हाताला बसलं. ऊन असेल तर हात आखडता घ्यायचा, एवढं मी शिकलो.

पाण्याच्या टाक्या, ट्रॅक्टरवरचे हूड, मंदिराचे छोटे कळस, दुकानावरचे आईस्क्रीमचे कोन, असं सगळं केलं. सुलतानपूरचे एक शेतकरी फार लक्षात राहिले. त्यांचा बैल मेला होता आणि त्यांना शेताच्या बांधावर त्याचा पुतळा हवा होता. मी चांगला डौलदार बैल करून दिला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बैल झकास हाय, पण हा माहा नोहे. त्याचं डावं शिंग अर्धं होतं." मी शिंग कापलं. मग त्यांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि तो तसाच तिथे ठेवला. मी साहित्य आवरायच्या निमित्तानं बाजूला झालो.

आता गाडीकडे येतो. हौस म्हणून मी मोटारींच्या शर्यतीत उतरतो, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. म्हणूनच तर या दिवाळी अंकवाल्यांनी लिहायला सांगितलं.

धामणगावला सुपडाभाऊंच्या भावकीतल्या एका बागायतदाराकडे कांदाचाळीत एक मोडकी गाडी पडली होती. दोन दारांची, दोन माणसांची, बसकी, लाल रंग उडालेली. कुण्या हौशी माणसानं फार पूर्वी व्हॅनचं इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकं घेऊन खाली लोखंडी सांगाडा जोडला होता आणि वर सगळं अंग फायबरचं घातलं होतं. बागायतदारांनी मला बोलावलं ते वेगळ्याच कामासाठी.

"कापून याचा ढोरायले पाणी पाजाचा हौद होईन का?" त्यांनी विचारलं.

मी बॉनेटवर टिचकी मारून पाहिली. आवाज घट्ट आला. काम जुन्या चांगल्या हाताचं होतं, कडा अजून सरळ होत्या. मी म्हणालो, "हौद मी तुम्हाला नवा करून देतो. ही कापू नका. मला द्या."

"घेऊन जा. कांद्याले जागा होईन."

व्हॅनला दोर बांधून ती शेगावला आणली. स्टॅण्डवरचे ड्रायव्हर जमले. एक जण म्हणाला, "सुपडाभाऊ, हे काय, साबणाची पेटी आणली का?" सुपडाभाऊ गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "साबणच हाय. तुले धुवाले आणला."

पुढे त्या गाडीवर मी आणि सुपडाभाऊ सवडीनं काम करत राहिलो. अंगाचं काम माझं. तडे गेलेल्या जागा आतून घासून नवे थर दिले, दारं हलकी केली, पुढचा भाग बदलून रेडिएटरला हवा जास्त मिळेल असा केला. इंजिनाचं काम त्यांचं. ते शाळेत माझ्यापेक्षाही कमी गेलेले, पण व्हॅनची नस त्यांना ठाऊक. त्यांनीच शोधून तिच्यात त्याच जातीचं मोठं इंजिन बसवलं. सस्पेन्शन आखूड आणि कडक केलं. मागच्या बाजूला लोखंडी पाइपांचा पिंजरा घातला, गाडी उलटली तर माणूस चिरडू नये म्हणून. सीटबेल्टच्या वेळी आमचं भांडण झालं. मी फायबरला जाड थर देऊन बेल्टचा बोल्ट तिथे मारणार होतो. ते म्हणाले, "फायबर दिसाले पैलवान हाय, पन झटका बसला का कागद. बेल्ट लोखंडाले बांध." त्यांचं खरं होतं. मी ते मानलं.

एक दुखणं मात्र राहिलं. इंजिन मोठं झालं आणि गिअरबॉक्स व्हॅनचाच राहिला. शेळीच्या पाठीवर बैलाचं ओझं टाकल्यासारखं. सुपडाभाऊ म्हणायचे, "तिसरा गिअर हळू टाकत जा, तिथं त्याची कंबर कच्ची हाय." मी हळू टाकायचो. मी सगळंच हळू करायचो.

आमच्याकडच्या शर्यती म्हणजे टीव्हीवर दिसतात तशा नसतात. मोकळ्या रानात टायर आणि शंकू मांडून वळणावळणाचा मातीचा रस्ता आखतात. एका वेळी एकच गाडी सुटते आणि घड्याळाशी झुंजते. दोन फेऱ्या, दोन्हींच्या वेळेची बेरीज, ज्याची कमी तो पुढे. एक फेरी अर्धी राहिली तर गाडी बाद. रीतसर परवानगी असते, ॲम्ब्युलन्स उभी असते, हेल्मेट आणि बेल्ट तपासल्याशिवाय सोडत नाहीत. रस्त्यावर शर्यत लावणारी पोरं वेगळी, त्यांच्याशी आमचा संबंध नाही.

मी अशा बऱ्याच शर्यती केल्या आणि प्रत्येक वेळी मधेच कुठेतरी आलो. कारण मला माहीत आहे. वळण दिसलं की माझा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठतो. गाडी मोडेल, कुणाला लागेल, लोक म्हणतील कुठला कोण येऊन इथे हे काय करतो. परक्या मुलखात राहणाऱ्या माणसाला अशी भीती सवयीची होते. आपण इथे कुणाच्या तरी भल्या मनावर उभे आहोत, तेव्हा काही मोडायचं नाही, काही सांडायचं नाही. दोरीपलीकडून सुपडाभाऊ बघायचे आणि मी परत आलो की म्हणायचे, "मालवण्या, तू गाडी चालवून राह्यला का अंडे नेऊन राह्यला?"

ज्या शर्यतीसाठी हे लिहायला बसलो ती नांदुऱ्याच्या बाजूला झाली, एका बंद पडलेल्या दालमिलच्या मागच्या रानात. थंडी सरत आली होती. महाराजांचा प्रकट दिन आठवड्यावर आला होता. शेगावात त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते, आणि स्टॅण्डवरच्या गाड्यांची वर्षाची बरीचशी कमाई त्याच दिवसांवर अवलंबून असते. व्हॅनवाले महिनाभर आधीपासून गाडी तयार करत असतात.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी सराव होता. तिथे तिसरा गिअर टाकताना आतून खडखडाट झाला आणि गाडी जागच्या जागी गुरगुरायला लागली. दात गेले होते. टेम्पोवर घालून गाडी परत शेगावला आणली. अकोल्याच्या भंगार बाजारात गिअरबॉक्स मिळाला असता, पण भंगारातला म्हणजे आत काय आहे ते उघडेपर्यंत कळत नाही, आणि तेवढा वेळ नव्हता. मी म्हणालो, "राहू द्या सुपडाभाऊ. पुढच्या वर्षी बघू."

त्यांनी आपली व्हॅन शेडमध्ये आणली, दोन्ही बाजूंना विटांचे ठोकळे लावले आणि ते खाली सरकले. पाना फिरल्याचा आवाज आला तेव्हा मला कळलं की ते काय करताहेत.

"सुपडाभाऊ, नको! प्रकट दिन आलाय."

"येऊ दे ना. सोमवारी परत बसवू. तेरा नंबरचा पाना दे."

"मोडला तर?"

"तेरा नंबरचा पाना मांगतला मी तुले."

कमलवहिनी, म्हणजे त्यांची बायको, चहा घेऊन आल्या. त्यांनी ठोकळ्यांवर चढलेली व्हॅन पाहिली, खाली पसरलेले नवऱ्याचे पाय पाहिले.

"आता प्रकट दिनाले काय व्हॅनले बैल जुपता का?"

खालून आवाज आला, "जुपू."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, चहा घ्या. थंडा होऊन राह्यला." मी कप घेतला आणि तसाच विटांवर ठेवून दिला.

दुपारभर आम्ही त्यांचा गिअरबॉक्स माझ्या गाडीत बसवत होतो. सरावात उजव्या मागच्या चाकाच्या आतलं मडगार्ड दगड लागून फुटलं होतं. ते मी उन्हातच नवं घातलं. बाहेर कडक ऊन होतं, म्हणून हाताला बसलेल्या प्रमाणानं हार्डनर कमी घातलं. संध्याकाळी बोट लावून पाहिलं, कोरडं लागलं. मग रात्री थंडी पडली. सरत्या थंडीत वऱ्हाडात असंच होतं, दिवसा सदरा काढावासा वाटतो आणि रात्री कांबळं लागतं. पण माझं डोकं तेव्हा मडगार्डवर नव्हतंच. मी सगळा वेळ त्या गिअरबॉक्सचा विचार करत होतो. माझ्या गाडीच्या पोटात दुसऱ्याचं घर होतं.

दुसऱ्या दिवशी स्टॅण्डवरचे तीन ड्रायव्हर सुपडाभाऊंच्या बरोबर नांदुऱ्याला आले. मला नंतर कळलं, ते आपण होऊन आले नव्हते. सुपडाभाऊंनीच सगळ्यांना सांगितलं होतं, "आज माहा गिअरबॉक्स पळनार हाय, पाहाले या." त्यांनी धुतलेला सदरा घातला होता आणि कपाळाला बुक्का लावला होता. गाडी सुटायच्या आधी ते खिडकीशी वाकले.

"एक आयक. तिसरा हळू टाकाचा नाही आज. तो माह्या हातचा हाय, त्याची कंबर मी बांधेल हाय. दाबून टाक."

पहिल्या फेरीत मी खरंच दाबून टाकला. का ते मला सांगता येणार नाही. कदाचित त्यांनी सांगितलं म्हणून. माती उडत होती, समोर सरळ पट्टा आला की गिअर कुठेही न अडखळता बसत होता. जुनी व्हॅन वर्षानुवर्षं ज्या हातानं सांभाळली तो हात त्या दांड्यात मला जाणवत होता. वळणांवर माझा पाय पहिल्यांदाच उशिरा उठला. परत आलो तर दोरीपाशी गलका चालला होता. छोट्या गाड्यांच्या गटात माझी वेळ सगळ्यात चांगली होती. नागपूर, औरंगाबादकडून आलेल्या तयार गाड्या मागे होत्या. तिघांपैकी एक ड्रायव्हर सुपडाभाऊंच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "भाऊ, ह्या गिअरबॉक्समंधी बसून आमी लोणारले गेलो होतो ना बे! आमाले नाही दिसला हा कधी असा!"

सुपडाभाऊ हसत नव्हते. ते दूर पट्ट्याकडे बघत होते. मला एवढंच म्हणाले, "अजून एक."

दुसरी फेरी चांगली सुरू झाली. अर्ध्यावर गेलो असेन, लांबच्या वळणातून गाडी बाहेर काढली आणि आवाज ऐकू आला. आधी बारीक, मग वेग वाढला तसा मोठा. करकर आणि कण्हल्यासारखा. क्लच दाबला, तरी गेला नाही. जळका वास आला. फायबरच्या गाडीत बसलेल्याला आवाज नेमका कुठून येतो ते कळत नाही. सगळं अंग ढोलासारखं घुमतं, मागचा आवाज पायाखाली वाटतो. हे मला माहीत होतं. अशा गाड्या घडवणाऱ्यानंच हे जाणायचं. पण त्या क्षणी मला फक्त विटांवर चढलेली व्हॅन दिसली आणि वहिनींच्या हातातला कप.

मी पाय उठवला. गाडी पट्ट्याच्या बाहेर मातीत घेतली आणि इंजिन बंद केलं.

एकदम शांत झालं. मार्शलनं लाल झेंडा दाखवला. मी हेल्मेट काढलं, आणि काढताक्षणी मला तो वास ओळखू आला. गिअर ऑइलचा नव्हता. माझ्याच धंद्याचा होता, कच्च्या रेझिनचा. मी खाली उतरलोच नाही. सुपडाभाऊ लंगडत, मातीतून पाय ओढत आले. गुडघे दुखायचे तरी ते जवळजवळ पळतच आले.

"काय झालं बे? लागलं का कुठं?"

"आवाज आला... मला वाटलं, गिअरबॉक्सचा..."

त्यांनी गाडीला फेरी मारली, मागच्या उजव्या चाकाशी वाकले, आत हात घातला आणि मी आदल्या दुपारी घातलेलं मडगार्ड ओढून बाहेर काढलं. ते ओल्या चामड्यासारखं लोंबत होतं. टायरला घासून त्याची कड काळी पडली होती.

"हे पाह्य," ते म्हणाले. "तुहा पापड कच्चा राह्यला."

"आणि गिअरबॉक्स?"

"त्याले काय झालं? काहीच नाही झालं त्याले."

तेव्हा मला वाटलं की सुटलो. खरंच सांगतो, छातीवरचा दगड उतरला. मी म्हणालो, "महाराजांची कृपा. सुपडाभाऊ, मोडला असता तर मी तुम्हाला तोंड दाखवू शकलो नसतो. म्हणून थांबवली."

ते मडगार्ड हातात धरून तसेच उभे राहिले. मागे ते तीन ड्रायव्हर येऊन थांबले होते. मग सुपडाभाऊ हळू आवाजात म्हणाले,

"थांबलास काऊन बे? मी तुले तो चालवाले देल्ला होता. जपाले नोता देल्ला. जपाचं काम मी घरी करतोच ना."

एवढंच. त्यांनी मडगार्ड गाडीत ठेवलं, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं हात पुसले आणि टेम्पो बोलवायला गेले. माझी गाडी बाद झाली होती. राहिलेला अर्धा पट्टा मी नेहमीसारखी हळू गाडी नेली असती तरी गटात वरच्या तिघांत आलो असतो, असं नंतर कुणीतरी सांगितलं. ते ऐकायची गरज नव्हती.

सोमवारी आम्ही गिअरबॉक्स परत व्हॅनमध्ये बसवला. प्रकट दिनाला व्हॅन एक दिवसही थांबली नाही. लोकांनी मला शाबासकी दिली, "बरं केलं थांबवली, गरिबाची गाडी वाचली." कमलवहिनीही म्हणाल्या, "भाऊजी, तुमी इचार केला आमचा." मी मान हलवली. पण मला सुपडाभाऊंचं ते वाक्य सोडत नव्हतं, अजून सोडत नाही.

त्यांच्याकडे मी नंतर नीट पाहायला लागलो. चाळीस वर्षं त्यांनी मंदिर आणि स्टेशनच्या मधे गाडी चालवली. मागे म्हातारी माणसं, कडेवर मुलं, टपावर पिशव्या. खड्डा दिसला की हळू, गर्दी दिसली की हळू. चौथा गिअर त्यांनी कधी पुरता ताणला असेल असं मला वाटत नाही. रोज संध्याकाळी गाडी पुसायची, आवाज ऐकायचा, तेल बघायचं. त्या दिवशी त्यांनी गिअरबॉक्स काढून मला दिला तेव्हा माझ्या डोक्यात फक्त उपकार होते. त्यांच्या मनात दुसरंच काही होतं. त्यांच्या हातानं जपलेली वस्तू एकदा तरी जीव तोडून पळताना त्यांना बघायची होती, आणि ती बघायला त्यांनी माणसं बोलावली होती. मी ती अर्ध्यावर थांबवली, तीही त्यांच्यासाठी म्हणून. माणसाचं भलं करायच्या नादात त्याला काय हवं होतं ते विचारायचं राहून जातं. पाहुण्यासारखं राहणाऱ्या माझ्यासारख्याकडून हे जास्त होतं.

त्या व्हॅनची मुदत मागच्या वर्षी संपली. ती भंगारात गेली तेव्हा मी मालवणला होतो, आईच्या आजारपणात. परत आलो तर स्टॅण्डवर त्यांची नवी व्हॅन उभी होती आणि जुनी सगळीच्या सगळी गेली होती, त्या गिअरबॉक्ससकट. मी विचारलं, "तो तरी ठेवायचा होता ना सुपडाभाऊ." ते म्हणाले, "काय करतो ठेवून? लोखंड हाय." त्यांनी विषय बदलला. शर्यतीचा विषय त्यांनी परत कधी काढला नाही. माझ्या गाडीचं इंजिन मात्र अजून तेच बघतात. मध्यंतरी तिचा आवाज ऐकून म्हणाले, "प्लग बदल, तिले खोकला झाला." मग थोडं थांबून, "जातं का कुठं तिले घेऊन?" मी म्हणालो, जाईन. त्यांनी बॉनेट लावलं.

आता जे लिहितो ते त्यांना माहीत नाही. हा अंक त्यांच्या हातात पडला की त्यांची नात वाचून दाखवील, तेव्हा कळेल.

माझ्या गाडीत शेजारची सीट रिकामी असते. शर्यतीत काही गटांना बरोबर एक माणूस न्यायची मुभा आहे, फक्त त्याचा बेल्ट, हेल्मेट, सगळं तपासून घ्यावं लागतं. या पावसाळ्यात मी त्या सीटखाली सांगाड्याला नवा लोखंडी पट्टा वेल्ड करून घेतला आहे. बेल्ट लोखंडालाच बांधला आहे. त्यांच्या गुडघ्यांना पुरेल अशी सीट मागे सरकवली आहे, आणि दार थोडं मोठं कापून नवं घातलं आहे. हार्डनर बरोबर घातलं आहे, आणि रात्रभर शेजारी शेगडी ठेवून ते दार पिकवलं आहे.

सुपडाभाऊ, हिवाळ्यात जिथे कुठे पट्टा आखतील तिथे तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. कमलवहिनींना मी विचारतो. मला भीती वाटेल, ती मी लपवणार नाही. पण आवाज कुठूनही आला तरी मी पाय उठवणार नाही. एक पुरी फेरी तुमची माझ्याकडे राहिली आहे, आणि ती मी तुम्हाला देणार आहे.